दोन ठिकाणांहून खात्री केलेली विहीर

त्या वर्षांत आमच्या दैनिकाचं पहिलं पान रोज जवळजवळ सारखंच निघत होतं. वर धरणातला मृतसाठा, खाली टँकर, कोपऱ्यात चारा छावणीला भेट देणारं कोणीतरी. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पाणी कमी होत होतं आणि शहर वाढत होतं. दोन्ही बातम्या एकाच दिवशी यायच्या आणि शेजारीशेजारी लागायच्या. पडेगाव, हर्सूल, सातारा परिसर या बाजूंना रानात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले जात होते. त्या प्लॉटच्या जाहिराती पाचव्या पानावर असायच्या, तिथल्या कोरड्या बोअरच्या तक्रारी सहाव्या.

मी मनोरंजन पुरवणीच्या डेस्कवर होतो. चार पानं, दर शुक्रवारी. शेवटच्या पानावर वाचकांच्या प्रतिक्रिया. पुरवणीप्रमुखांची सूचना एकच असायची: पुढची पानं वाचून माणूस दमून आपल्याकडे येतो, त्याला पुन्हा कोरडं काही दाखवू नका. ती सूचना त्या वर्षी पाळता आली नाही. लोक जी मालिका बघत होते ती एका कोरड्या विहिरीचीच होती.

मालिका हिंदी होती, रात्री दहाची. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी दुकानांतून भाड्याने मिळणाऱ्या एका कॉमिकवरून काढलेली. एका उजाड गावच्या विहिरीत, तळाशी, एक मेलेला माणूस कंदील घेऊन बसलेला असतो. ज्याला काही विचारायचं असेल त्याने प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी लिंबाला टाचणीने टोचायची आणि लिंबू विहिरीत टाकायचं. उत्तर तिसऱ्या दिवशी मिळतं. बदल्यात विचारणाऱ्याची सावली जाते, आणि सावली गेलेल्या माणसाला हळूहळू घरचेच ओळखेनासे होतात. आठवड्याला एक प्रश्न, एक सावली. शेवट कधीच चांगला होत नसे. लोक त्याला कंदीलवाला म्हणायचे.

प्रतिक्रियांसाठी आम्ही एक मोबाईल नंबर छापला होता. सोमवारी सकाळी मी तो फोन घेऊन बसायचो आणि मजकूर वहीत उतरवायचो. सिडकोतल्या एका गृहिणीने कळवलं होतं, की मालिका संपली की सासूबाई ट्यूबलाइटखाली उभ्या राहून स्वतःची सावली तपासतात. वाळूजच्या एका कामगाराचं म्हणणं होतं, की तिसऱ्या पाळीमुळे त्याला अर्धाच भाग दिसतो, त्यामुळे भीतीही अर्धीच वाटते. कंदिलात रॉकेल कोण घालतं, आम्हाला तर रेशनवर मिळत नाही, असं एकाने विचारलं होतं. कन्नडच्या एका आजोबांनी नातवाकडून लिहून घेतलं होतं: भूत दाखवता ते ठीक आहे, पण एवढी खोल विहीर कोरडी पडली आणि कुणी आडवं बोअर मारलं नाही, हे पटत नाही.

हे सगळं मी छापलं. त्या पानाला वाचक होते. मागच्या पानावरून पेपर वाचायला सुरुवात करणारी माणसं तेव्हा मी पहिल्यांदा बघितली.

फोनवर न येता टपालाने येणारी प्रतिक्रिया एकाच माणसाची असे. शहागंजमध्ये त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मूळ कॉमिकचे सगळे अंक त्याच्याकडे होते आणि मालिकेने काय काय बदललं हे तो दर आठवड्याला दोन पानं भरून कळवायचा. कंदिलाची काच. कंदीलवाल्याच्या बोटांची संख्या. आमच्याकडे एका प्रतिक्रियेला सहा ओळींची जागा. डेस्कची रीत अशी, की मजकूर खालून कापायचा. महत्त्वाचं माणूस आधी सांगतो असं गृहीत धरलेलं असतं. घड्याळवाला आधी सलाम लिहायचा, मग प्रकृतीची चौकशी, मग हवामान. एका पत्रात त्याने शेवटी लिहिलं होतं, की मालिकावाल्यांनी एक गोष्ट मात्र बरोबर ठेवली आहे: विहीर कॉमिकमध्ये अष्टकोनी आहे, मालिकेतही अष्टकोनी बांधली आहे, आणि अशी विहीर खरी कुठेही नाही, ती चित्रकाराच्या डोक्यातली आहे. ते वाक्य सहा ओळींच्या बाहेर गेलं. मी ते कापलं.

पुढच्याच आठवड्यात फोन आला. खुलताबादच्या पुढे, कन्नड रस्त्यापासून आत असलेल्या एका गावातून. बोलणारा मोबाईल रिचार्जचं दुकान चालवणारा होता.

"साहेब, ते कंदीलवाल्याची इहीर आमच्या गावची हाय," तो म्हणाला. "शूटिंग इथंच झालंय. लई दिवसापूर्वी गाड्या आल्त्या, क्यामेरे आल्ते. वस्तीच्या खाली हाय इहीर."

मी पुरवणीप्रमुखांना सांगितलं. ते खुर्चीतून पुढे झाले. बातमी कुठलीही असो, तिचा आपल्या जिल्ह्याशी धागा सापडला की ती वर जाते, हे आमच्या धंद्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

"खात्री केलीस?"

"एकच फोन आहे."

"दुसरा कर."

दोन ठिकाणांहून खात्री केल्याशिवाय छापायचं नाही, हा नियम आमच्याकडे कडक होता. तालुका वार्ताहर त्या दिवशी छावणीवर होता, त्याचा फोन लागत नव्हता. त्याच्या यादीतून मी त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या शिपायाचा नंबर काढला. त्याने लगेच उचलला. विहीर तुमच्या गावची आहे का, असं विचारलं.

"व्हय व्हय. हीच हाय. शंभर टक्के."

फोनमागे मालिकेचं संगीत चालू होतं. दुपारी भाग पुन्हा दाखवायचे. ते संगीत पहिल्या फोनमागेही होतं. मी ते दोन्ही वेळा ऐकलं आणि त्यावर विचार केला नाही. नंतर कळलं, की शिपाई त्याच रिचार्जच्या दुकानात, त्याच टीव्हीसमोर, त्याच बाकावर बसलेला होता. गाड्या आणि कॅमेरे आले होते तेही खरं होतं. ती भूजल मोजणारी माणसं होती.

शुक्रवारी तीन कॉलम मथळा गेला: कंदीलवाल्याची विहीर आपल्याच जिल्ह्यात! गावाचं नाव, वस्तीचा रस्ता, कुठल्या फाट्यावर उतरायचं, सगळं दिलं. विहिरीचा फोटो आमच्याकडे नव्हता म्हणून मालिकेतलाच वापरला.

अकरा-बारा दिवसांनी एक बाई कार्यालयात आली. साठीच्या आतबाहेर, नऊवारी, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आमचं कात्रण होतं. कन्नडची एसटी पकडून, मध्यवर्ती स्थानकावरून विचारत विचारत ती जालना रस्त्यापर्यंत चालत आली होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली होती. त्या वस्तीवर अठरा-वीस घरं, सगळ्यांची मेंढरं, आणि सगळ्यांना मिळून ती एक विहीर.

"हे तुमी लिवलं का?"

"हो. बसा मावशी."

"बसाया नाय आले. पुसा हे."

पुरवणीप्रमुख उठून आले. "छापलेलं पुसता येत नाही, बाई. झालं काय?"

"लोकं लिंबं टाकत्यात," ती म्हणाली. "इतवारी तर जत्रा. फटफट्या, जीपा. लिंबाला टाचण्या. घागरीत टाचणी आली माझ्या सुनेच्या. काल एक मेंढी खोकत व्हती, मालकानं तोंडात हात घातला तर घशात टाचणी." तिने पदराच्या गाठीतून टाचणी काढून टेबलावर ठेवली. गंजलेली होती. "पुरावा म्हून आणली. तुमच्याकडं पुरावा लागतो म्हनं."

पुरवणीप्रमुखांनी टाचणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"टँकर मागितला का?" मी विचारलं.

"मागितला. तहसीलला दोनदा गेलो. कागदावर इहीर हाय, इहिरीत पाणी हाय. पाणी असल्यावर टँकर कशाला, म्हणले. आसपासच्या सगळ्या इहिरी आटल्या, ही एक टिकली. टिकली म्हून टँकर नाय, आन् आता तुमी ही बी घालवली." ती रागावून बोलत नव्हती. बाजारात एखादी वस्तू परत करायला आलेलं माणूस बोलतं तसं बोलत होती. "ती इहीर ही नाय. आमी काय टीव्ही बघत नाय का? टीव्हीतली मोठी हाय, कोनाकोनाची. आमची गोल हाय. एवढं तरी बघायचं."

मालिकेचे भाग मी सगळे बघितले नव्हते. तिची विहीर तर बघितलीच नव्हती.

"खुलासा देऊ," पुरवणीप्रमुख म्हणाले.

"मोठ्यानं द्या. हे दिलं तेवढं मोठं."

तेवढा मोठा खुलासा कुठलाच पेपर देत नाही. चौथ्या पानावर खाली, एका कॉलमात, पाच ओळी गेल्या: सदर विहिरीचा मालिकेशी संबंध नसल्याचे स्पष्ट झाले आहे, वाचकांनी तेथे लिंबे टाकू नयेत. तिने मागितलं होतं तसं आम्ही तहसीलमध्येही फोन केला. विहिरीत पाणी असल्याची नोंद बरोबर आहे, असं उत्तर मिळालं.

सोमवारी मी प्रतिक्रियांचा फोन उघडला. खुलाशावर आलेले मेसेज मालिकेवर आलेल्यांपेक्षा जास्त होते. एकाने लिहिलं होतं, चॅनलने दबाव आणलेला दिसतो. एकाने लिहिलं, गावकऱ्यांना पाण्याची विहीर लपवायची असेल तर समजू शकतो. बीड बायपासच्या एका वाचकाचं म्हणणं, खुलासा आला म्हणजे तीच विहीर नक्की. त्याने खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं होतं.

त्याच आठवड्यात शहागंजचा घड्याळवाला पहिल्यांदा स्वतः आला. कापडी पिशवीत कॉमिकचे अंक, प्रत्येकाला घरी शिवलेलं कव्हर. त्याने एक अंक माझ्यासमोर उघडून विहिरीच्या चित्रावर बोट ठेवलं.

"मियाँ, आठ कोने हैं इसको. गिनके देखो."

मी मोजले. आठ होते.

"मी तुम्हाला लिहिलं होतं," तो मराठीत आला. "साफ लिहिलं होतं, अशी विहीर कुठं नाही."

"जागा नव्हती."

"खैरियत पूछी ती वो छापे, और असल बात काट दी." अंक पुन्हा कव्हरात घालताना तो हसला, पण थोडंसंच. "तीस साल संभाल के रखा मैं. कुणी पहिल्यांदा माझं छापलं, तेही सलाम-दुआ."

त्याला चहा दिला. त्याचं पुढचं पत्र मी पूर्ण छापलं, आठही कोनांसकट. त्याला एकही प्रतिक्रिया आली नाही.

पुढच्या आठवड्यात, मधल्या वारी, मी वस्तीवर गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. सुट्टी टाकली होती. खुलताबादपर्यंत एसटी, पुढे फाट्यापर्यंत जीप, मग पायी. फाट्यावर लिंबांची हातगाडी लागलेली होती. लिंबू, टाचणी, कोरा कागद असा एकत्र पुडा मिळत होता. गाडीवाल्याने मलाही विचारलं.

विहीर गोल होती. दगडी, साधी, एका बाजूला रहाटाचा मोडका खांब. आदल्या दिवशी वस्तीने ती उपसली होती. म्हणजे होतं नव्हतं तेवढं पाणी मोटारीने बाहेर काढून बाजूच्या रानात सोडून दिलं होतं. प्यायला नको म्हणून दोन पोरींनी मेंढरं वरच्या अंगाला अडवून धरली होती, असं कार्यालयात आलेल्या मावशीने सांगितलं. ओल अजून दिसत होती. मग माणसं आत उतरून लिंबं वेचत बसली. पाझर चालू होता, आणि रात्रीत गुडघाभर पाणी परत आलं होतं. वस्तीचा सगळा हिशेब या गुडघ्यावर होता: पाझर टिकला तर पावसापर्यंत इथेच, नाही तर मेंढरं घेऊन निघायचं.

काठावर युरियाची दोन पोती होती. एकात काळी पडलेली लिंबं, दुसऱ्यात चिठ्ठ्या.

"चिठ्ठ्या का ठेवल्या?" मी विचारलं.

"लोकांच्या मनातलं हाय. जाळायचं कसं?"

मी काही वाचल्या. बॉलपेनने लिहिलेल्या टिकल्या होत्या. बोअरला किती फुटांवर लागेल. कंपनीत परमनंट करतील का. प्लॉट एन.ए. होईल का. मुलगी नांदायला परत जाईल का. एन.ए.च्या चिठ्ठ्या बऱ्याच होत्या. सावलीबद्दल कुणीच काही लिहिलेलं नव्हतं.

साडेदहाच्या सुमाराला ग्रामपंचायतीचा शिपाई सायकलवर आला. फोनवर शंभर टक्के म्हणणारा तोच. त्याने मला ओळखलं नाही आणि मी ओळख दिली नाही. पाणी शुद्ध करायला त्याने टीसीएल पावडर आणली होती. मावशी म्हणाली, पाणी थोडं हाय, जरा बेतानं टाक. तो म्हणाला, वरून आदेश हाय, आता काय तक्रार नको. आणि अख्खी पिशवी ओतली.

तासाभराने डोणीत, मेंढरांच्या दगडी कुंडात, पाणी भरलं. मेंढरं तहानलेली होती, पळत आली. पुढच्या चार-पाच जणींनी तोंड खाली घातलं, वास घेतला, आणि मान वर केली. मागच्यांनी ढकललं तरी त्या प्यायल्या नाहीत. मावशीने ओंजळीत पाणी घेऊन एकीच्या तोंडाला लावलं. तिने तोंड फिरवलं. मावशीने तीच ओंजळ स्वतः पिऊन बघितली आणि थुंकली.

"दोन दिवसांत वास जाईल," शिपाई म्हणाला.

"दोन दिवस तू ये यांना समजवायला," ती म्हणाली. वस्तीवरची एक म्हातारी हसली. शिपायाने सायकल वळवली.

एवढ्यात मोटारसायकल आली. पंचविशीचा एक जण आणि मागे त्याची बायको, नवीन लग्न झालेलं दिसत होतं. तो उतरून मावशीकडेच गेला.

"अम्मा, सवाल किधर से डालने का?"

"इथं काय नाय, बाबा. ती इहीर टीव्हीत हाय."

"पेपरात आलंय ना पण," त्याची बायको म्हणाली.

"पेपरवाला इथंच बसलाय. त्यालाच इचारा."

मी उठलो. सांगितलं, की ती बातमी मी लिहिली होती. चुकीची होती. मालिकेतली विहीर अष्टकोनी आहे, ही गोल आहे, इथे शूटिंग झालेलं नाही. हे लोक आणि ही मेंढरं हेच पाणी पितात, कालच उपसून स्वच्छ केलंय.

त्याने नीट ऐकून घेतलं. मध्ये बोलला नाही. मग जवळ येऊन, मला अवघड वाटू नये अशा आवाजात म्हणाला, "सर, समझ गया मैं. आपको ऐसा बोलने को बोला होंगा किसीने."

"नाही. कुणी सांगितलं नाही."

"कोई बात नहीं सर. आप आपका काम करो."

आमचं बोलणं चालू असतानाच त्याच्या बायकोने काठाशी जाऊन लिंबू टाकलं. पाणी गुडघाभरच होतं, त्यामुळे आवाज लहान झाला. ती डोळे मिटून क्षणभर उभी राहिली. मग मावशीच्या पाया पडली. मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवला; तो हात कुणीही वाकलं की आपोआप जातो.

मोटारसायकल गेल्यावर मावशी विहिरीत डोकावली नाही. तिने वस्तीकडे तोंड करून सुनेला हाक मारली, घोडं काढ म्हणून. सामान लादायचं घोडं. म्हणजे ठरलं. गोदाकाठाला, गंगथडीच्या अंगाला जायचं, जिथे पाणी असेलच असं नाही पण उसाचं पाचट तरी मिळेल. दुसरी दोन घरंही उठली.

सामान बांधून झाल्यावर ती माझ्याकडे आली.

"कधी संपती तुमची मालिका?"

मालिका माझी नव्हती, पण ते मी बोललो नाही. चॅनलचं पत्र मागच्याच आठवड्यात आमच्याकडे आलं होतं. प्रेक्षकांचा प्रतिसाद उत्तम असल्यामुळे मुदत वाढवली, अशी बातमी मीच लावली होती.

"दिवाळीपर्यंत वाढवलीय," मी म्हणालो.

तिने मनात महिने मोजले. मृगाला अजून अवकाश होता.

"म्हंजी पाऊस पडला तरी यायचं नाय."

 तिने उत्तराची वाट बघितली नाही. मेंढरं वळवायला काठी उचलली, आणि जाताना मागे न बघता म्हणाली, "आज तुमी बसा इथं. माघारी बाकीची घरं हायेत अजून. येतील त्यांला सांगा."

शेवटच्या जीपपर्यंत मी बसलो. आणखी सात जण आले. सातही जणांना सांगितलं. एकाने लिंबू परत नेलं.